पुणे लॅटिनमध्ये कसं लिहायचं?

मागच्या अंकात पानाच्या तळाशी जागा उरली म्हणून चार ओळी टाकल्या होत्या, की न्यूयॉर्कचं लॅटिन नाव 'नोवुम एबोराकुम' आहे, त्यात न्यू पण दिसत नाही आणि यॉर्क पण दिसत नाही, आणि जाता जाता 'लंडनमध्ये' म्हणजे 'इन लोंदिनियो'. बस, एवढंच. तर ह्या महिन्यात नेहमीचे प्रश्न, म्हणजे लोणच्याला बुरशी का येते वगैरे, सगळे बाजूला पडले आणि निम्मी पत्रं 'ताई, आमचं गाव लॅटिनमध्ये सांगा' ह्याचीच. आधीच सांगून ठेवते, मी कॉलेजात दोन वर्षं लॅटिन शिकले आणि बाकीचं शाळेतल्या संस्कृतच्या जोरावर ढकलते, तेव्हा चुकले तर कळवा. एका सरांनी कळवलंच आहे, ते पुढे येतंय.

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इकडे एडिसनला राहतो, आमची मराठी पोरांची क्रिकेट टीम आहे. ह्या सीझनला नवीन लोगो करतोय, गोल शिक्का, मधे बॅट आणि कडेने लॅटिनमध्ये 'न्यू जर्सी' असं पाहिजे. एकाने ट्रान्सलेट ॲपमध्ये टाकलं तर त्याने न्यू जर्सी तसंच परत दिलं. काय लिहू? — एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

उत्तर : तुम्हाला काही नवीन बनवायची गरजच नाही, तुमच्या राज्याचं लॅटिन नाव साडेतीनशे वर्षांपासून तयार आहे : नोवा काएसारेआ. १६६४ मध्ये ड्यूक ऑफ यॉर्कने हडसन आणि डेलावेअर ह्या नद्यांमधली जमीन बर्कली आणि कार्टरेट ह्या दोघांना देऊन टाकली, त्यातला कार्टरेट हा इंग्लंड-फ्रान्सच्या मधल्या जर्सी बेटावरचा, म्हणून न्यू जर्सी. आणि त्या दस्तातच 'न्यू काएसारेआ किंवा न्यू जर्सी' असं दोन्ही लिहिलंय. काएसारेआ कुठून आलं, तर रोमन काळातली प्रवासमार्गांची एक यादी आहे, त्यात समुद्रातल्या बेटांमध्ये हे नाव येतं आणि पुढच्या विद्वानांनी ते जर्सी बेटाला चिकटवलं. ते बरोबर चिकटवलं का ह्यावर आजचे अभ्यासक नाकं मुरडतात, पण तोवर नाव सनदेत जाऊन बसलं होतं ना, आता कोण काढणार.

पुढे १७८६ ते १७८८ मध्ये न्यू जर्सीने स्वतःची तांब्याची नाणी पाडली, त्यावर एका बाजूला घोड्याचं तोंड, खाली नांगर आणि कडेने नोवा काएसारेआ. म्हणजे तुम्हाला हवा तसाच गोल शिक्का! घोडा काढा, बॅट घाला, काम झालं. आणि जर्सीवर न्यू जर्सी लिहिणार आहात हे तुमच्या लक्षात आलंय की नाही माहीत नाही, अंगातल्या जर्सीला जर्सी म्हणतात ते त्याच बेटावरच्या लोकरीच्या विणकामामुळे.

आता शेजारचं न्यूयॉर्क. इंग्लंडातलं यॉर्क हे रोमनांचं लष्करी ठाणं, त्याचं नाव एबोराकुम. ३०६ साली कॉन्स्टंटाइनला सम्राट म्हणून पुकारलं ते तिथेच. रोमन गेल्यावर अँग्लो-सॅक्सन लोकांनी त्याचं एओफोरविक केलं, मग व्हायकिंग आले त्यांनी योर्विक केलं आणि घासून घासून यॉर्क उरलं. आपल्या प्रतिष्ठानचं पैठण झालं, शूर्पारकचं सोपारा झालं, अगदी तसंच. त्यामुळे लॅटिन नाव शोधायचं म्हणजे पुष्कळदा भाषांतर नसतंच हो, जिना उलटा चढायचा असतो, पैठणवरून प्रतिष्ठानला. यॉर्कचे आर्चबिशप आजही सही करताना आडनावाच्या जागी 'एबोर' लिहितात.

प्रश्न : महोदया, आपण मागील अंकात 'लंडनमध्ये' यासाठी 'इन लोंदिनियो' असे छापले आहे. मी छत्तीस वर्षे संस्कृत शिकवले, निवृत्तीनंतर हौसेने लॅटिन वाचतो. शहराच्या नावापूर्वी 'इन' लागत नाही. कृपया सुधारणा करावी. — एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, कान पकडते. लोंदिनिई पाहिजे होतं. चूक अगदी पहिल्या वर्षाची आहे आणि मला ती छापून आल्यावर सुद्धा दिसली नाही.

बाकीच्यांसाठी सांगते. लॅटिनमध्ये 'जंगलात, गाडीत' म्हणायचं तर इन लागतं, पण गावांना, शहरांना आणि छोट्या बेटांना लागत नाही, त्यांना जुनी सप्तमी शिल्लक राहिलीय. रोमा, तर रोममध्ये म्हणजे रोमाए. रोमला म्हणजे रोमाम. रोमहून म्हणजे नुसतं रोमा, शेवटचा आ लांब. नाव अनेकवचनी असेल तर वेगळं, अथेनाए म्हणजे अथेन्स आणि अथेन्समध्ये म्हणजे अथेनीस. मराठीत आपण हेच दिवसभर करतो. पुणे, पुण्यात. सातारा, साताऱ्यात. नाशिक, नाशकात. आणि कोणी नवीन माणूस 'पुणेमध्ये' म्हणाला की आपला कान टवकारतो, तसं माझं इन लोंदिनियो ऐकून सरांचं झालं असणार.

म्हणून परक्या शहराचं नाव लॅटिनमध्ये घेताना खरा प्रश्न 'अर्थ काय' हा नसतोच, 'ह्याला विभक्ती कशी लावू' हा असतो. शेवटी आ, उस, उम असं काहीतरी हाताला लागलं पाहिजे, नाहीतर नाव वाक्यात दगडासारखं पडून राहतं. ॲपने न्यू जर्सी तसंच परत दिलं ना, तो हा दगड.

हे सगळ्यात छान कुठे दिसतं सांगू, जुन्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर. १८१९ मध्ये फ्रान्झ बोप ह्या जर्मन पंडिताने महाभारतातलं नलोपाख्यान छापलं, देवनागरीत संस्कृत आणि सोबत लॅटिन भाषांतर, नाव 'नालुस'. खाली प्रकाशनाची गावं, लोंदिनी, पारिसिईस एत आर्गेंतोराती. लंडनमध्ये, पॅरिसमध्ये आणि स्ट्रासबुर्गमध्ये, तिन्ही सप्तम्या. एकाही ठिकाणी इन नाही, बघा सर. आता मधलं पारिसिईस हे अनेकवचन आहे, कारण पारिसिई हे मुळात तिथल्या टोळीचं नाव, 'पारिसी लोक', आणि लोकांचं नाव गावाला पडलं. आणि त्याच पुस्तकात आत गेलं की दमयंतीच्या बापाबद्दल 'विदर्भेषु भीमो भीमपराक्रमः' येतं. विदर्भेषु! विदर्भात नाही, विदर्भांत, अनुस्वारासकट, म्हणजे विदर्भ लोकांच्या देशात. कव्हरवर पारिसिईस आणि आत विदर्भेषु, एकच व्याकरण. मला हे पहिल्यांदा दिसलं तेव्हा लायब्ररीत शेजारच्या बाईंना उगाच हलवून दाखवलं, त्या स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होत्या, त्यांना काही विशेष वाटलं नाही.

आणि आपल्याकडचे प्रकाशक काय कमी होते का. पुण्याच्या आनंदाश्रमाचा कुठलाही जुना ग्रंथ काढा, पहिल्या पानावर 'पुण्याख्यपत्तने', पुणे नावाच्या पत्तनात, म्हणजे नगरात. निर्णयसागरच्या पोथ्यांवर 'मुम्बय्यां', मुंबई हा शब्द नदीसारखा चालवून केलेली सप्तमी. लंडनचा लोंदिनी आणि आपला मुम्बय्यां हे एकाच कामाचे दोन कारागीर.

प्रश्न : मी नेरूळला राहते. नवी मुंबईचं सरळ भाषांतर करायचं का? म्हणजे नवीला नोवा आणि पुढे मुंबईच्या अर्थाचं काहीतरी? — एक वाचक, नवी मुंबई

उत्तर : अर्थ घेऊन करतात, नाही असं नाही, आणि त्यात फार मजा आहे. ह्या धंद्याचं रोजचं गिऱ्हाईक जगात एकच उरलंय, कॅथलिक चर्च, कारण त्यांच्या प्रत्येक धर्मप्रांताला लॅटिन नाव लागतं. म्हणून अमेरिकेतलं बॅटन रूज, ज्याचा फ्रेंच अर्थ लाल काठी, ते लॅटिनमध्ये रुब्रिबाकुलेन्सिस झालं. रुबेर लाल, बाकुलुम काठी. लिटल रॉक म्हणजे छोटा खडक, ते पेत्रिकुलाना. सॉल्ट लेक सिटी 'खाऱ्या तळ्याचं नगर'. रिओ दि जानेरोचं तर अख्खं वाक्य आहे, जानेवारी नदीवरच्या संत सेबास्तियनचं. पण शिकागोला मात्र अर्थाच्या भानगडीत पडले नाहीत, नुसता प्रत्यय लावून शिकागिएन्सिस केलं. तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेत त्या नावात रानकांदा आहे, भाषांतर केलं असतं तर कांदेवाडी झाली असती.

आपल्याकडे पण सगळी प्रत्ययवाली. पूनेन्सिस, नागपुरेन्सिस. मुंबईच्या आर्चबिशपांच्या प्रांताचं नाव शहर बदललं तरी बॉम्बेच राहिलंय, त्यामुळे ते बोंबायेन्सिस. हे एन्सिस म्हणजे आपलं 'कर' समजा, पुणेकर, नागपूरकर.

मुंबईच्या अर्थाच्या मागे लागू नका असं मी म्हणेन. पोर्तुगीजांच्या 'बॉम बाहिया', चांगली खाडी, वरून बॉम्बे आलं असं अजून पुष्कळ लोक सांगतात, पण पोर्तुगीजमध्ये खाडी स्त्रीलिंगी, मग 'बोआ' पाहिजे, बॉम नाही. पहिल्याच शब्दात लिंग चुकतं. मुंबादेवी आहे तिथे आहे, तिचं लॅटिन काय करणार? नोवा मुंबाया म्हणा, मुंबईत म्हणायचं तर मुंबायाए. नोवा का, तर शब्द स्त्रीलिंगी केला म्हणून. न्यूयॉर्कला नोवुम कारण एबोराकुम नपुंसक, न्यू जर्सीला नोवा कारण काएसारेआ स्त्रीलिंगी. नवी मुंबई पण नवं पुणं, हे आपण न शिकता करतो ना, तेच.

प्रश्न : मुलगा अकरावी सायन्सला आहे. त्याच्या सरांनी सांगितलं म्हणे की आवर्त सारणीत तीन शहरं लॅटिन नावाने लपलेली आहेत. त्याला दोन सापडली. तिसरं सांगाल का? — एक पालक, जळगाव

उत्तर : कुठली दोन सापडली ते लिहिलं नाहीत, म्हणून तिन्ही सांगते. ६७ नंबरचं होल्मियम म्हणजे स्टॉकहोम, लॅटिन होल्मिया. ७१ नंबरचं ल्युटेशियम म्हणजे पॅरिस, कारण पारिसी लोकांच्या त्या गावाचं रोमन नाव लुतेतिया. मघाशी पारिसिई म्हटलं आणि आता लुतेतिया म्हणते म्हणून गोंधळू नका, पूर्ण नाव लुतेतिया पारिसिओरुम, पुढे पहिला शब्द गळला आणि टोळीचं नाव उरलं. आणि ७२ नंबरचं हाफ्नियम म्हणजे कोपनहेगन, लॅटिन हाफ्निया. कोपनहेगनच्या डॅनिश नावात 'हाव्न' म्हणजे बंदर आहे त्याचं ते हाफ्निया. हे मूलद्रव्य १९२३ मध्ये कोपनहेगनलाच ओळखलं गेलं.

ल्युटेशियम १९०७ चं, पॅरिसच्या युर्बें ह्या रसायनशास्त्रज्ञाने दिलेलं नाव. ७१ आणि ७२ शेजारी शेजारी, पॅरिस आणि कोपनहेगन, मधे भिंत नाही. मुलाला एवढं सांगा की लॅटिनच्या मानाने हे सरळ प्रकरण आहे, ह्या नावांना फक्त इयम लावायचं होतं, विभक्त्या चालवायच्या नव्हत्या. आणि तिसरं त्याला स्वतः शोधू द्यायला हवं होतं का, हे मला आत्ता लिहून झाल्यावर सुचतंय.

प्रश्न : वडिलांच्या कपाटातल्या जुन्या मराठी पुस्तकांवर लेखकाच्या नावापुढे 'एम. ए. कॅन्टॅब' असं असतं. ही कुठली युनिव्हर्सिटी? — एक वाचक, कराड

उत्तर : केंब्रिज. लॅटिन कांताब्रिगिया, त्याचं विशेषण कांताब्रिगिएन्सिस, ते छापायला लांब पडतं म्हणून कॅन्टॅब. तसंच 'ऑक्सन' म्हणजे ऑक्सफर्ड. आपले रँग्लर परांजपे केंब्रिजला १८९९ मध्ये सिनिअर रँग्लर झाले, तेव्हा असलं शेपूट नावापुढे असणं म्हणजे काय विचारता. गंमत म्हणजे कांताब्रिगिया हे रोमनांचं नाव नाहीच, मधल्या काळात कारकुनांनी गावाच्या बोली नावाला लॅटिन कपडे घातले.

प्रश्न : माझा भाचा हॉलंडमध्ये लायडनला पीएचडी करतोय. त्याच्या युनिव्हर्सिटीच्या लॅटिन नावात लुगदुनुम आहे, आणि गूगल म्हणतं लुगदुनुम म्हणजे फ्रान्समधलं ल्यों. पोरगं नक्की कुठे आहे? — एक काळजीत पडलेली मावशी, रत्नागिरी

उत्तर : मावशी, पोरगं लायडनलाच आहे. ल्यों हे नुसतं लुगदुनुम. लायडन हे लुगदुनुम बाताव्होरुम, म्हणजे बातावी लोकांचं लुगदुनुम. एकाच नावाची दोन गावं झाली की पुढे खूण लावायची, आपल्याकडे बुद्रुक आणि खुर्द लावतात, पिंपळगाव बसवंत म्हणतात, तसं. जर्मनीत दोन फ्रँकफुर्ट आहेत, तर एक 'माइन नदीवरचं' आणि दुसरं 'ओडर नदीवरचं', लॅटिनमध्ये पण आणि जर्मनमध्ये पण.

पण लायडनची खरी गोष्ट अशी की ते नाव त्यांचं नाहीच. रोमन काळात ऱ्हाइनच्या मुखाशी, समुद्राजवळ, लुगदुनुम नावाचं ठाणं होतं, लायडनपासून बरंच पलीकडे. लायडनचं स्वतःचं जुनं नाव वेगळंच, लेइथन. पण सोळाव्या शतकात विद्वानांना आपल्या गावाला रोमन आजोबा पाहिजे होते, त्यांनी ते नाव उचलून लायडनला दिलं, १५७५ ला युनिव्हर्सिटी निघाली, तिच्या छापखान्यातून हजारो पुस्तकांवर 'लुगदुनी बाताव्होरुम' छापून बाहेर पडलं आणि मग काय, चुकीचं असलं तरी तेच खरं. मला ह्यात फार काही वाईट वाटत नाही खरं सांगायचं तर. नाव वापराने पक्कं होतं.

आणि खाली 'कोलोनचं लॅटिन नाव काय' असा तुम्ही ताजा कलम टाकलाय, तेही सांगते. जर्मनीतलं क्योल्न, रोमन नाव कोलोनिया, पुढे आग्रिपिना राणीचं नाव. कोलोनिया म्हणजे वसाहत, कॉलनी. म्हणजे आपली स्टाफ कॉलनी आणि लहानपणी तापात आई कपाळावर ठेवायची त्या कोलनवॉटरच्या घड्या, दोन्ही एकाच शब्दातून आले. एका शहराला अजूनही नुसतं 'कॉलनी' म्हणतात आणि कोणाला काही वाटत नाही!

प्रश्न : ताई, आम्हा ठाणेकरांना मुंबईवाले कायम उपनगर समजतात. ठाण्याला लॅटिन नाव असेल तर सांगा, नसेल तर बनवून द्या. — एक वाचक, नौपाडा, ठाणे

उत्तर : बनवायला कशाला लागतंय, तुमचं मुंबईच्या कितीतरी आधीपासून आहे. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबर आलेला जॉर्डानुस नावाचा फ्रेंच डोमिनिकन साधू मागे राहिला, त्याने त्यांना पुरलं आणि युरोपात लॅटिनमध्ये पत्रं धाडली. मग काही काळाने ओडोरिक नावाचा इटालियन साधू ठाण्याला उतरला, त्याने त्या चौघांच्या अस्थी काढून घेतल्या आणि त्या बरोबर घेऊन तो थेट चीनपर्यंत गेला. परत आल्यावर १३३० मध्ये पादुआला त्याने आपला प्रवास दुसऱ्याकडून लिहवून घेतला, लॅटिनमध्ये. ह्या सगळ्यात तुमचं गाव 'थाना' किंवा 'ताना', नकलणाऱ्यागणिक स्पेलिंग थोडं हलतं. म्हणजे बघा, पोर्तुगीज यायच्या पावणेदोनशे वर्षं आधी इटलीतल्या मठात बसून कोणीतरी थाना हा शब्द वहीत उतरवत होता. मुंबई तेव्हा कोण ओळखत होतं.

लॅटिनमध्ये ठ नाही आणि ण पण नाही, त्यामुळे थाना हे अगदी सभ्य रूप आहे, सरळ रोमासारखं चालतं. थाना, थानाम, थानाए.

फक्त हे कल्याणवाल्यांसमोर फार जोरात सांगू नका. पहिल्या शतकातलं 'पेरिप्लुस' नावाचं ग्रीक खलाशी-गाईड आहे, त्यात कल्याण 'कल्लिएना' म्हणून येतं, सोपारा 'सुप्पारा', पैठण 'पैठाना', आणि भडोचहून दक्षिणेला पैठण वीस दिवसांच्या वाटेवर, तिथून पूर्वेला तेर दहा दिवसांवर असा हिशोब पण दिलाय. ठाणं त्यात नाही.

प्रश्न : आमच्या ग्रुपचे टी-शर्ट करायचेत, त्यावर 'आम्ही डोंबिवलीकर' लॅटिनमध्ये. प्लीज सीरियसली घ्या. — एक वाचक, अर्थातच डोंबिवली

उत्तर : पूर्ण सीरियसली घेतलंय. गाव डोंबिव्लिया, एक डोंबिवलीकर डोंबिव्लिएन्सिस, अनेक असले की डोंबिव्लिएन्सेस. 'आम्ही डोंबिवलीकर' म्हणजे नोस डोंबिव्लिएन्सेस. हा प्रत्यय रोज वापरात आहे, आपल्या सह्याद्रीत फुलापानांची नावं ह्यानेच बनतात. कासच्या पठारावर तळ्यांमध्ये जो वायतुरा फुलतो तो अपोनोजेटॉन सातारेन्सिस, म्हणजे चक्क सातारकर. हाबेनारिआ पांचगनिएन्सिस नावाचं ऑर्किड आहे, पाचगणीकर. कोयनेच्या परिसरातला एक भेक आहे तो कोयनायेन्सिस. तुम्ही बेडकाच्या रांगेत आहात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, सोबत चांगली आहे.

एकच सूचना. टी-शर्टवर रोमन कोरीवकामासारखी सगळी कॅपिटल अक्षरं घेणार असाल तर रोमनांकडे उ आणि व ला एकच अक्षर, व्ही. त्यामुळे जुना रोमन माणूस उठून आला तर तो डोंबिव्लिया न वाचता डोंबिउलिया वाचेल, आणि ज्युलियाच्या घरातली कोणी लांबची नातेवाईक समजेल. आता डोंबिवली फास्टमध्ये रोमन माणूस चढण्याची शक्यता कमी आहे, पण तुम्ही सीरियसली घ्या म्हणालात म्हणून सांगितलं.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे, जॉबसाठी पुणं सोडून चाललेय. मनगटावर 'पुण्यात जन्मले' असा लॅटिन टॅटू करायचाय, छोटासा. आईला अजून सांगितलेलं नाही. — एक वाचक, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आईचं तुम्ही बघा, मी व्याकरणाचं बघते. चर्चने पूनेन्सिस केलंय म्हणजे गावाचं नाव पूना, इंग्रजांच्या स्पेलिंगसारखे दोन ओ. सप्तमी पूनाए. 'जन्मले' बाईने म्हणायचं तर नाता सुम. म्हणून पूनाए नाता सुम, तीन शब्द, मनगटावर आरामात बसेल. भावाला पण करायचा असेल तर त्याचं नातुस सुम, तुमचा टॅटू बघून तसाच काढू देऊ नका.

आता ह्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. हा शेवटचा 'आए' रोमन लोक आय सारखा म्हणायचे, पण चर्चमध्ये शतकानुशतकं त्याचा उच्चार नुसता 'ए' होतो. म्हणजे पूनाए असं लिहायचं आणि 'पूने' असं वाचायचं. पुण्यात ह्याचं लॅटिन झालं पूने! आणि वरच्या ठाणेकरांचं थानाए पण तसंच, वाचायचं ताने. मी हे स्वयंपाकघरात मोठ्याने म्हणून बघितलं, पोळी करपली.

टॅटूवाल्याला मात्र कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि सुई लावायच्या आधी दोनदा वाचून घ्या. दोन ओ आहेत ना, त्यातल्या दुसऱ्या ओच्या जागी चुकून ई पडला तर तो पोएनाए होतो, तोही अगदी शुद्ध लॅटिन शब्द आहे, आणि मग मनगटावर येईल 'मी शिक्षेसाठी जन्मले'. ते मग आईला समजावणं अवघड जाईल.